जर्मनीतले पहिले महिने: आधी दारावर नाव लावा

पहिल्या पगाराची पावती पाहिली आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची आली. ठरलेल्या पगाराच्या जेमतेम निम्मे पैसे खात्यात पडले होते. पगाराचं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमचा कर-क्रमांक अजून आमच्याकडे नाही. पत्र आलं नाही का तुम्हाला?" नव्हतं आलं. संध्याकाळी घरी येऊन पत्रपेटी पहिल्यांदाच नीट पाहिली. तिच्यावर आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं, बेलवरही त्याचंच. माझं नाव कुठेच नव्हतं. पोस्टमनने शोधलं असेल, मिळालं नाही, पत्र परत गेलं.

जर्मनीत इमारतीतल्या घरांना बहुतेक नंबर नसतात. 'फ्लॅट ३०४, लिफ्टसमोर' हा प्रकार नाही. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, झाला पत्ता. पुढचं काम आडनाव करतं. आणि या देशात सगळं पत्राने येतं: कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, त्या कार्डाचा पिन (वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी), विम्याचं कार्ड, दंड, सगळं. म्हणून माझा पहिला सल्ला फार साधा आहे. चावी हातात आली की सामान वर न्यायच्या आधी कागदाच्या चिटोऱ्यावर आडनाव लिहा आणि बेलवर नि पेटीवर चिकटपट्टीने लावा. नीट पाटी नंतर येईल.

मी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी एकटी आले. नवरा आणि पाच वर्षांची मुलगी चार महिन्यांनी आले. खालचं सगळं त्या अनुभवातून लिहिलं आहे. कायदे देशभर बहुतेक सारखे आहेत, पण कार्यालयांची नावं आणि वेग गावागणिक बदलतात. रकमा २०२६च्या सुरुवातीच्या आहेत. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्याचा कुठल्याही खिडकीवर काडीचाही उपयोग होत नाही.)

१. निघण्याआधी: पिशवीत काय हवं

हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको:

- पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, पदवीची मूळ प्रमाणपत्रं
- लग्नाचा दाखला, सगळ्यांचे जन्मदाखले, तेही मूळ
- मुलांचं लसीकरणाचं कार्ड
- वाहन परवाना
- नेहमीची औषधं, साधारण तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
- या सगळ्याचे स्कॅन, फोनमध्ये आणि आणखी एका ठिकाणी

आपला लग्नाचा दाखला मराठी-इंग्रजीत असतो. इथे बऱ्याच कार्यालयांना जर्मन भाषांतर लागतं, आणि तेही न्यायालयाकडे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचंच. निघायच्या घाईत पुण्यात कुणाकडूनही करून घेतलं तर पैसे वाया जाण्याची शक्यता आहे. मी इथे आल्यावर करून घेतलं, स्कॅन पाठवून, आठवड्याभरात.

नावाचं एक बघून ठेवा. आपल्यापैकी अनेकांच्या पासपोर्टात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन कागदांवर ते सगळं तुमचं पहिलं नाव म्हणून जातं. मला आजही दवाखान्यात माझ्या वडिलांच्या नावासकट हाक मारतात. हरकत नाही, हसून उठायचं. पण सगळीकडे पासपोर्टात आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. एका अर्जात वडिलांचं नाव घातलं आणि दुसऱ्यात गाळलं, की संगणकाच्या लेखी तुम्ही दोन माणसं होता.

भारतातली दोन कामं विसरू नका. एक, बँकेला परदेशी जात असल्याचं कळवून बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं) करून घ्या. दुसरं, मोबाइलचं सिम बंद पडू देऊ नका. बँक, आधार, प्राप्तिकर, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. नवऱ्याने "आता काय गरज" म्हणून रिचार्ज केला नाही, नंबर गेला, आणि पुण्याला जाऊन बँकेच्या रांगेत उभं राहीपर्यंत आमच्याच पैशांना आम्हाला हात लावता येईना. कमीत कमी रिचार्ज आणि रोमिंग चालू, एवढं पुरतं.

सामानात प्रेशर कुकर आणा, जास्तीच्या रबरी रिंगा आणा. मिक्सरही चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिन बदलावी लागते. साजूक तूप, पेढे, बर्फी मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, पार्सलनेही मागवता येत नाहीत. आईच्या हातचं तूप विमानतळावरच्या कचऱ्यात जाताना पाहण्यापेक्षा ते पुण्यातच पोळीवर घेऊन निघा.

२. जागा: पैसे देण्याआधी एकच प्रश्न

बहुतेकांना कंपनी पहिले काही आठवडे सजवलेली छोटी जागा देते. स्वतः शोधत असाल तर पसंती-नापसंतीच्याही आधी विचारा: इथे आन्मेल्डुंग होईल का? म्हणजे या पत्त्यावर माझी सरकारी नोंदणी होईल का, आणि तुम्ही त्याचा फॉर्म सही करून द्याल का? "नाही" किंवा "नंतर बघू" असं उत्तर आलं तर जागा कितीही गोड असली तरी सोडा. पुढच्या बहुतेक कागदांची वाट या नोंदणीवरून जाते.

घराच्या जाहिरातीत दोन भाडी असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, जिन्याचा दिवा, कचरा आणि बहुधा हीटिंगही धरून. वीज आणि इंटरनेट त्यावर वेगळं. शिवाय हा वरचा खर्च अंदाजाने घेतलेला असतो. वर्षाअखेरीचा हिशेब नंतर कधीतरी येतो आणि फरक भरावा लागतो किंवा परत मिळतो. पहिल्या हिवाळ्यात हीटर पाचावर, म्हणजे सर्वांत वर, ठेवून झोपणाऱ्यांना बहुधा भरावाच लागतो.

अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे एवढी, आणि कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. हे घरमालक आपणहून सांगत नाही.

'रिकामं घर' या शब्दाचा इथला अर्थ मला पहिलं घर पाहायला गेले तेव्हा कळला. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले, छतातून तीन वायरी लोंबत होत्या. ओटा नाही, सिंक नाही, दिव्याचा होल्डरसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेला होता. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' हा शब्द असेल तरच ओटा-कपाटं आहेत असं समजा.

घरमालक शुफा मागतो. शुफा म्हणजे इथलं सिबिल. नव्या माणसाकडे ती असणार कशी? नोकरीचा करार, कंपनीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या द्या, आणि सोबत अर्ध्या पानाची ओळख लिहा: कोण, कुठे काम, किती माणसं, धूम्रपान नाही. आम्हाला घर त्या अर्ध्या पानावर मिळालं असं मला अजून वाटतं. पुढे शुफाची प्रत लागलीच तर स्वतःच्या माहितीची प्रत फुकट मागता येते. त्यांच्या साइटवर पैसे देऊन घ्यायचा पर्याय ठळक असतो, फुकटचा जरा शोधावा लागतो.

फसवणुकीचा नेहमीचा नमुना असा: मालक परदेशात आहे, घर दाखवता येत नाही, अनामत पाठवा, चावी कुरियरने येईल. येत नाही. पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक सेंटही पाठवू नका.

चावी घेताना उबरगाबे-प्रोटोकोल नावाचा कागद भरतात. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, सिंकचा टवका, मीटरचं रीडिंग त्यात लिहून घ्या, फोटो काढा. संकोच करू नका. घर सोडताना समोरचा करणार नाही.

३. नोंदणी: दोन आठवड्यांच्या आत

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत जाऊन आन्मेल्डुंग करायचं. काही शहरांत त्या कार्यालयाला ब्युर्गरआम्ट म्हणतात. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. कुटुंब असेल तर लग्नाचा आणि जन्माचे दाखले न्या.

अडचण असते ती वेळ मिळण्याची. टेर्मिन हा तुमचा पहिला जर्मन शब्द असेल. ठरलेली वेळ, जिच्याशिवाय इथे पान हलत नाही. पत्ता नक्की झाला की भारतातूनच ऑनलाइन टेर्मिन घ्या. महिन्यानंतरचीच मिळत असेल तर ती घेऊन ठेवा, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या साइट उघडा, कारण रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. वेळ घेतल्याचा ई-मेल जपा. दोन आठवडे उलटून गेले तरी तुम्ही प्रयत्न केला होता हे त्यावरून दाखवता येतं.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना आहे. तो जनगणनेसाठी नाही, करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापायला सुरुवात होते: बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. आमच्या ओळखीतल्या वसईच्या एका मुलाने सहज लिहून टाकलं आणि पावती पाहून चक्रावला. चर्चला कर द्यायचा असेल तर आनंदाने द्या, पण माहीत असून द्या. हिंदू, मुस्लिम, बौद्ध यांना असा कर नाही.

काम दहा मिनिटांचं आहे. शेवटी एक कागद मिळतो. तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग तपासा, मगच निघा.

४. आता पत्रं येतील

दोन ते चार आठवड्यांत ११ आकडी कर-क्रमांक येतो, स्टॉयर-आयडी. तो जन्मभराचा. तो मिळेपर्यंत कंपनी कराच्या सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत चढा कर कापू शकते. माझं हेच झालं होतं. क्रमांक दिल्यावर फरक पुढच्या पगारात किंवा वर्षाच्या विवरणपत्रात परत येतो, पण पहिल्या महिन्यात अनामत, गाद्या, भांडी असा खर्च असताना तो धक्का जड जातो. निदान दोन महिन्यांचा खर्च भागेल इतके पैसे सोबत असू द्या.

कुटुंब मागाहून येणार असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. जोडीदार भारतात असेपर्यंत तुम्ही एकट्याच्या, म्हणजे पहिल्या वर्गात असता. तो इथे येऊन नोंदणी झाली की वर्ग बदलता येतो. एकाचाच पगार असेल तर ३ आणि ५ ही जोडी घेतली की दर महिन्याला हातात बरंच जास्त पडतं. अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

दुसरं पत्र रुंडफुंकबाइट्रागचं, सरकारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी. दरमहा १८.३६ युरो. "आमच्याकडे टीव्ही नाही" हे उत्तर चालत नाही, ती दर घरामागे आहे. ते पत्र जाहिरात समजून फेकू नका, मागची रक्कम दंडासह येते. मात्र घरामागे एकदाच द्यायची असल्यामुळे, इतरांबरोबर राहत असाल तर आधी कोण भरतं ते विचारा आणि त्याच्या वर्गणीचा क्रमांक कळवून मोकळे व्हा.

पाकीट पिवळं असेल तर जेवण बाजूला ठेवून उघडा. पोस्टमन त्यावर तारीख लिहून जातो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. तुम्ही गावाला गेला होता का, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पाकीटही जपून ठेवा.

आल्या आल्या दोन जाड फाइली आणि एक पंच विकत घ्या. मी हसले होते या सल्ल्याला. आता माझ्याकडे सात फाइली आहेत.

५. विमा आणि बँक

आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि नोकरी सुरू होण्याआधी निवडायचा असतो. सरकारी पद्धतीच्या कुठल्याही क्रांकेनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या कासेचा थोडा जादा दर. निम्मा कंपनी भरते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्यातच येतात, वेगळे पैसे नाहीत.

पगार चांगला असेल तर कुणीतरी सूटबूटवाला मराठी किंवा हिंदी बोलत खासगी विमा घेऊन येईल. तरुणपणी तो खरंच स्वस्त असतो. पण तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, वयाबरोबर चढत जाणारा, आणि एकदा गेलात की सरकारी व्यवस्थेत परतणं कठीण, ५५ नंतर जवळजवळ अशक्य. कुटुंब येणार असेल तर मी तरी त्या वाटेला गेले नसते. गेलेही नाही.

दुसरा विमा सक्तीचा नाही, पण पहिल्या महिन्यातच घ्या: हाफ्टफ्लिश्ट. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो. तो घेताना भाड्याच्या घराची चावी हरवल्याचं नुकसान त्यात धरलंय का, ते बघा. इथे अनेक इमारतींत एकच चावी खालच्या दाराला, तळघराला आणि घराला लागते. ती हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलायचं बिल येऊ शकतं.

बँकेचं खातं आता सोपं आहे. काही ऑनलाइन बँका पासपोर्ट आणि व्हिडिओवर उघडून देतात. मात्र खिशात रोख ठेवा. कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड पुढे केलं की बाई नुसती मान हलवते. विद्यार्थ्यांनी त्यांच्या श्पेरकोन्टोतले (व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यातले) ११,९०४ युरो म्हणजे हातातले पैसे समजू नयेत. ते महिन्याला ९९२ असे सुटतात आणि त्यासाठीही इथलं खातं लागतं.

६. राहण्याचा परवाना

व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी आउसलेंडरबेह्योर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, परवान्याचा अर्ज पोचलाच पाहिजे. मोठ्या शहरांत महिनोन् महिने लागतात, म्हणून नोंदणी झाली की पुढच्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पोचपावती ठेवा.

कार्ड यायच्या आत व्हिसा संपला तर मधल्या काळासाठी फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात. त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. परदेशी नागरिकांच्या कायद्याचं कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर परतीचं तिकीट काढू नका. हे न बघता भावाच्या लग्नाला गेलेला माणूस माझ्या माहितीत आहे. तो लग्नाहून तीन महिन्यांनी परतला.

ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) असेल तर कायमचा परवाना २७ महिन्यांनी, आणि जर्मन बी१, म्हणजे मधल्या पातळीचं असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो. फोल्क्सहोखशूलेचे, म्हणजे गावाच्या प्रौढ शिक्षण केंद्राचे, संध्याकाळचे भाषावर्ग स्वस्त असतात. ऑफिस इंग्रजीत चालतं म्हणून टाळू नका. पत्रं इंग्रजीत येत नाहीत.

७. मुलं आणि आजारपण

गोवराच्या लसीचा पुरावा असल्याशिवाय किटात (पाळणाघर-बालवाडीत) किंवा शाळेत घेत नाहीत. मूल वर्षापेक्षा मोठं असेल तर एक, दोन वर्षांपेक्षा मोठं असेल तर दोन डोस. आमचं कार्ड आणलं होतं, पण दुसऱ्या डोसची तारीख बालरोगतज्ज्ञांच्या अक्षरात होती. ती कुणालाच लागली नाही. निघण्याआधी ठळक, शिक्क्यासह लिहून आणा.

किटाची जागा मिळणं घर मिळण्याइतकंच अवघड. पत्ता नक्की झाला त्या दिवशी अर्ज टाका. शाळेत जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात. आमची लेक सहा महिन्यांत माझे उच्चार सुधारायला लागली. किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता, दरमहा २५९ युरो आहे. अर्ज करावा लागतो, आणि मागचे फक्त सहा महिन्यांचेच पैसे मिळतात.

घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बरे असतानाच शोधून ठेवा. अनेक जण नवे पेशंट घेत नाहीत. सर्दी-तापाला चहा प्या, झोपा, फार तर आयबुप्रोफेन घ्या असं सांगून परत पाठवतात. आपल्याला वाटतं, लक्षच दिलं नाही. तशी पद्धतच आहे. रात्री-सुट्टीला, जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

८. फिरणं

डॉइचलंडटिकेट हा मासिक पास दरमहा ६३ युरो, देशभरच्या शहरी बस, ट्राम आणि लोकल गाड्यांना चालतं. लांबच्या वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, थांबवायचं तर १० तारखेच्या आत कळवा. विनातिकीट दंड ६० युरो, आणि "मी नवीन आहे" ही सबब तपासनिसाने हजारदा ऐकलेली असते.

भारतीय परवान्यावर गाडी पहिले सहा महिनेच चालवता येते. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेला माझा नवरा पहिल्यांदा नापास झाला, कारण पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि त्याने पुणेरी पद्धतीने नजरेला नजर देऊन आधी काढली.

९. स्वयंपाकघर आणि रविवार

रविवारी दुकानं बंद. सगळी. रेल्वे स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची तेवढी उघडी, बेकरी सकाळी काही तास. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड बघून ठेवायची सवय लागायला महिना जातो.

'टाइप ४०५' लिहिलेलं पीठ म्हणजे जवळजवळ मैदा. त्याच्या पोळ्या रबरासारख्या होतात. कणीक भारतीय दुकानात मिळते, कोथिंबीर-भेंडी तुर्की दुकानात ताजी. तुपासाठी 'झाउअररामबुटर' लिहिलेलं लोणी घ्या. ते विरजणाचं असतं, कढवलं की वास घरच्या तुपाच्या जवळ जातो. ४० टक्क्यांचा क्वार्क (दह्याच्या चक्क्यासारखा मऊ पदार्थ) फडक्यात तासभर टांगला की श्रीखंडाचा चक्का तयार.

फोडणीआधी खिडकी उघडा. पॅसेजमधल्या धूर ओळखून वाजणाऱ्या यंत्राला मोहरी-हिंगाचं वावडं आहे. हिवाळ्यातही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची असते. कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांनी भिंतीला बुरशी धरते आणि ती अनामतीतून वसूल होते.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी दिवसभर. ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या मोठ्या डब्यात टाकायला जाणं नाही, आणि हो, चटणीचा मिक्सरही नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. ती फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात घाला. बाकी कचऱ्याचं वेळापत्रक गावाच्या साइटवरून उतरवून फ्रिजवर लावा.

१०. जिना आणि चावी

श्टुटगार्टच्या बाजूला येणार असाल तर केरवोखे माहीत हवी. एका सोमवारी सकाळी दार उघडलं तर मुठीला एक छोटी पाटी टांगलेली. मला वाटलं जाहिरात आहे. ती आमची जिना झाडायची पाळी होती. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, काही इमारतींत पुढचा फूटपाथही, बर्फ पडला तर तोही ओढायचा, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. वाड्यात नळाची पाळी असायची तसंच. भाडेकरारात लिहिलेलं असतं, नीट वाचा. कुणी ओरडत नाही. पण पाटी दोन आठवडे तुमच्याच दारावर राहिली की जिन्यात 'ग्र्युस गॉट'ला, म्हणजे इकडच्या नमस्काराला, उत्तर येणं बंद होतं. शनिवारी दुपारपर्यंत उरका, आणि लोकांना दिसेल असं उरका.

त्या पहिल्याच पाळीला मी बादली घेऊन बाहेर आले, मागे दार टेकलं आणि खट्. इथली दारं बाहेरून मूठ फिरवून उघडत नाहीत. पायात मोजे, हातात फडकं, फोन आत. फोनवर सापडलेला कुलूपवाला रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काही शे युरो सहज मागतो, आणि दार उघडायच्या आधी आकडा सांगत नाही. म्हणून आधी पूर्ण रक्कम विचारा, मगच बोलवा. मी त्यातून वाचले ते समोरच्या दारातल्या आजींमुळे. त्यांनी मला आत घेतलं, घरमालकाला फोन लावला, त्याच्याकडे दुसरी चावी होती. तो येईपर्यंत आजींनी माझ्या अर्धवट जिन्याकडे बघून दोन पायऱ्या पुन्हा पुसायला सांगितल्या.

आता आमची एक चावी त्यांच्याकडे असते, त्यांची आमच्याकडे.